दारातल्या मोटरचं घराणं

जुन्या गाडीचं सेंट्रल लॉकिंग एकदम बंद पडत नाही. आधी एक दार मागे राहतं. किल्ली फिरवली की तीन दारांचे नॉब टपकन खाली जातात आणि चौथा अर्ध्यावर थरथरून थांबतो. मालक हात लांबवून तो दाबतो आणि काही दिवसांत ते अंगवळणीही पडतं. मग कधीतरी गाडी रात्रभर एका दाराने उघडीच होती हे सकाळी कळतं आणि ती वायरमनकडे जाते. दाराचं पॅड निघतं, त्यामागचा पॉलिथिनचा कागद सोलला जातो आणि पत्र्याच्या पोकळीतून एक काळी प्लास्टिकची डबी बाहेर येते. डबीत असते अंगठ्याएवढी, दोन बाजूंनी चपटी मोटर. पोरांच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत असते तशी. हे साम्य वरवरचं नाही, दोघींचं कूळ एकच आहे.

वाशीच्या एपीएमसी मार्केटलगत, पाम बीच रस्त्यावर सतरा प्लाझापासून कोपरीच्या सिग्नलकडे जाताना, हे काम रस्त्यावरूनच दिसतं. सीट कव्हर, स्टिरिओ, काचांची फिल्म, हॉर्न, लाइट, लॉक. दुकान आत आणि काम बाहेर, रस्त्याच्या कडेला. वाहतूक पोलीस आणि महापालिका अधूनमधून कारवाई करतात, रांग पुन्हा लागते. घाऊक भाजीबाजाराशेजारी गाड्यांच्या विजेच्या कामाचा बाजार का उभा राहावा, याचं उत्तर बाजारातच आहे. कांदा-बटाटा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतून खाडी ओलांडून इकडे आला, पुढे मसाला आणि धान्य, आणि 1996 मध्ये भाजी व फळं. मुंबई शहरातली कोंडी फोडायची म्हणून सिडकोने ही जागा दिली आणि कोंडी ट्रकसकट इथे आली. ट्रकला रात्री-बेरात्री सेल्फ लागतो, डायनामो लागतो, वायपर आणि दिवे लागतात. ट्रक आज माल उतरवून आजच परतणार, तेव्हा त्याचं काम सकाळपर्यंत थांबत नाही. ज्या वस्तीत आर्मेचर तपासणारे आणि कार्बन बदलणारे हात आहेत, त्या वस्तीत मोटारगाडीच्या दारातली मोटर फार काळ परकी राहत नाही.

तिच्या वंशावळीत एका फांदीवर कुलूप आहे. अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला 1897 मध्ये आणि शहरात पहिल्या मोटारी धावल्या 1898 मध्ये. इतक्या जवळ येऊनही दोघांची गाठ पडली नाही, कारण त्या मोटारींना कुलूप लावावं असं दारच नव्हतं. गाडी उघडी, बहुतेकदा बग्गीच्या बांध्याची. तिचं रक्षण करायला ड्रायव्हर होता आणि घरी गेल्यावर तबेला. अमेरिकेतही बंद टपाच्या गाड्या उघड्या गाड्यांपेक्षा जास्त खपायला 1920 चं दशक अर्ध्यावर यावं लागलं. चारी बाजूंनी काच आणि पत्रा आला, तेव्हा कुठे गाडीत ठेवलेली वस्तू गाडीतच राहावी ही अपेक्षा जन्माला आली.

विजेची कल्पना मात्र त्याआधीची. डेट्रॉइटच्या स्क्रिप्स-बूथ या छोट्या कंपनीने 1914 मध्येच दाराला विजेचा खटका बसवला होता. ती कंपनी टिकली नाही आणि कल्पना चार दशकं अडगळीत पडली. 1956 मध्ये पॅकार्डने ती पुन्हा काढली. गंमत म्हणजे पॅकार्डचा डेट्रॉइटमधला कारखानाही त्याच वर्षी बंद झाला. दाराला वीज लावणाऱ्या पहिल्या दोघांचंही घर बसलं. यात अर्थातच दाराचा दोष नाही, पण शौकीन गाड्या काढणाऱ्या कंपन्यांचा हिशेब कुठे चुकतो याची कल्पना येते.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं दोन वाटांनी गेली. एक वाट सोलेनॉइडची. तारेच्या गुंडाळीत वीज सोडली की मधला लोखंडी दांडा आत खेचला जातो, एवढंच तत्त्व. काम झटकन होतं, पण करंट खूप खातो, दणका मोठा बसतो आणि खेचण्यासाठी एक व ढकलण्यासाठी दुसरी अशा दोन गुंडाळ्यांची जुळणी करावी लागते. दुसरी वाट हवेची. इंजिन हवा शोषतं, त्या शोषणाचा जोर साठवून बारीक नळ्यांनी प्रत्येक दारातल्या रबरी पडद्यापर्यंत न्यायचा आणि पडद्याने लॉकची सळई ओढायची. फोर्डच्या महागड्या गाड्यांनी साठच्या दशकात हे केलं आणि मर्सिडीजने तर ते नव्वदच्या दशकापर्यंत जपलं. पुण्यात 1995 पासून जोडली गेलेली डब्ल्यू-124 मर्सिडीज याच जातीची. तिच्यात इंजिनाऐवजी स्वतंत्र पंप होता, पण दारांना हवाच लागे. इतका मऊ आवाज नंतरच्या कुठल्याही लॉकला आला नाही. मात्र एका दारातला पडदा फाटला की हवा तिथून निसटते आणि चारही दारं सुस्तावतात. आजही अशी गाडी एखाद्या वायरमनकडे आली तर वायर बाजूला ठेवून त्याला नळीची गळती शोधावी लागते. बहुतेक जण हात जोडतात.

या दोन्ही वाटांना बाजूला सारलं ते खेळण्याने.

मोटरचा आणि खेळण्याचा संबंध पहिल्यापासूनचा आहे. इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जनने 1832 मध्ये कम्युटेटर लावलेली मोटर फिरवली. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा थॉमस डेव्हनपोर्ट हा पेशाने लोहार. त्याने 1835 च्या सुमारास गोल रुळांवर एक चिमुकली गाडी विजेवर पळवून दाखवली आणि 1837 मध्ये मोटरचं पेटंट घेतलं. विकत घ्यायला कुणी आलं नाही, कारण तेव्हाच्या बॅटरीपेक्षा वाफ कितीतरी स्वस्त होती. लोहार कफल्लक झाला. मोठ्या मोटरांचे दिवस पुढे डायनामो आल्यावर आले. छोट्या मोटरची अडचण वेगळी होती: तिच्यात लोहचुंबक हवा, तो लहान हवा, जोरदार हवा आणि मातीमोल भावाचा हवा. हे जमलं ते फेराइटमुळे. लोखंडाचा ऑक्साइड आणि दुसऱ्या एखाद्या धातूचं संयुग कुटून, दाबून, भट्टीत भाजून केलेला हा चिनी मातीच्या जातीचा पदार्थ. टोकियोच्या काटो आणि ताकेई या संशोधकांनी 1930 च्या सुमारास त्याचा पाया घातला आणि हॉलंडच्या फिलिप्सने पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे स्वस्त, कायमचे चुंबक बाजारात आणले.

याच काळात जपान युद्धातून उठत होता आणि निर्यातीला जे मिळेल ते बनवत होता. त्यात पत्र्याची खेळणी होती. ताकामात्सु गावच्या केनिची माबुची यांनी 1947 मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचा चुंबक घालून खेळण्यासाठी छोटी मोटर केली आणि 1954 मध्ये टोकियोत कंपनी काढली. पुढे हाँगकाँगमध्ये 1959 साली जॉन्सन इलेक्ट्रिक निघाली, तीही खेळण्यांच्या मोटरांसाठीच. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा पंखा फिरवणारी जी बारीक मोटर आपण सगळ्यांनी पाहिली, ती माबुचीची एफए-130 किंवा तिची नक्कल असायची. माबुचींनी केलेली खरी करामत शोधापेक्षा हिशेबाची होती. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळी मोटर करायची नाही. मोजके साचे ठरवायचे, ते कोट्यवधींनी काढायचे आणि गिऱ्हाइकाने आपलं यंत्र त्या मापाला बसवून घ्यायचं. खेळणीवाल्यांनी बसवून घेतलं. मग टेपरेकॉर्डरवाल्यांनी, हेअर ड्रायरवाल्यांनी आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत मोटारवाल्यांनीही. आरशाला एक, दाराला एक. दाराच्या वाट्याला जी आली तिचं नाव एफसी-280. आज जगातल्या असंख्य दारांत ती किंवा तिची चुलत भावंडं आहेत.

माझ्या मते या सगळ्या कथेतली कळीची गोष्ट हीच. ही मोटर गाडीसाठी जन्मली नाही, म्हणूनच ती दुरुस्त होते. गाडीच्या कंपनीने स्वतःच्या मापाची घडवली असती तर कंपनीने हात वर केल्यावर दार मुकं झालं असतं. बाजारातल्या सामायिक मापाची असल्यामुळे एका कंपनीच्या दारातली मोटर दुसऱ्या कंपनीच्या डबीत जाते आणि तिसऱ्याच कुणाच्या कारखान्यातून आलेली तिच्या जागी चालते.

दारात तिचं काम मात्र खेळण्याच्या उलट. खेळण्यात ती सेल संपेपर्यंत फिरते, दारात ती जवळजवळ फिरतच नाही. बटण दाबल्यावर जेमतेम अर्धा सेकंद वीज मिळते. तेवढ्यात शाफ्टवरचं पिनियन प्लास्टिकचं गिअर फिरवतं, गिअर दातेरी पट्टी सरकवतं, पट्टी सळई ढकलते आणि लॉक पडतं. सळई टोकाला टेकते, पण वीज अजून चालू असते. उरलेला क्षण मोटर जागच्या जागी अडून तापते. उघडायचं असेल तर त्याच दोन वायरींमधले प्लस-मायनस उलटे करायचे, मोटर उलटी फिरते. ही अदलाबदल डॅशबोर्डखालचे दोन रिले करतात. म्हणजे या मोटरचं आयुष्य धावण्यात जात नाही. सुरू होणं आणि आपटणं यातच ती झिजते. तिच्या आजारांचं मूळ इथेच आहे.

आपल्याकडे ही मोटर आली नव्वदच्या दशकात. त्याआधी दारं हाताचीच होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या पद्मिनीत मागच्या सीटवरच्याला लॉक उघडून द्यायचं तर मान वळवून हात मागे टाकावा लागे आणि डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 मध्येही तेच. 1994 ची एस्टीम, 1998 ची होंडा सिटी यांच्या वरच्या मॉडेलांत सेंट्रल लॉकिंग मिळू लागलं. त्याच वर्षीच्या सँट्रो आणि इंडिकाने ज्यांना घरात पहिली मोटार दिली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी साधं मॉडेल घेतलं आणि उरलेले लाड बाहेरून करून घेतले. याच दिवसांत नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या कंपन्यांनी बाहेरून बसवायचे संच गावोगाव पोचवले. संचात चार ‘गन’ असत. डबीला पुढे नळीसारखा दांडा, म्हणून गन. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची मास्टर गन, बाकी तीन दारांत दोन वायरींच्या. मास्टरमधल्या दोन वायरी मोटरच्या, तीन स्विचच्या: किल्लीने सळई हलली की स्विच कंट्रोल युनिटला सांगतो आणि युनिट बाकीच्या दारांना हुकूम सोडतं. दारात दोन भोकं, दोन स्क्रू, वाकवलेली एक सळई, एक क्लॅम्प; सराईत माणूस दुपारच्या जेवणाआधी गाडी मोकळी करत असे. एपीएमसीच्या व्यापाऱ्याला याचं मोल वेगळं सांगावं लागलं नाही. पहाटेच्या अंधारात, रोकड जवळ असताना, चार दारांना चार हात लावण्यापेक्षा एक खटका बरा.

26 जुलै 2005 ला या सोयीकडे लोक पहिल्यांदा भीतीने पाहू लागले. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, रस्त्यांवर गाड्या बुडाल्या आणि काही माणसं गाडीतच गुदमरून गेली. ‘ऑटो लॉकने मारलं’ असं तेव्हा घराघरांत बोललं गेलं. दोष एकट्या लॉकच्या मोटरवर टाकणं बरोबर नाही. पाण्यात वीज गेल्यावर पॉवर विंडोची काच उतरत नाही आणि बाहेर कमरेएवढं पाणी चढल्यावर लॉक उघडं असलेलं दारही दाबामुळे ढकलवत नाही. पण लॉक हाताने कसं उघडायचं हे ऐन वेळी न सुचणारे लोक होते, हेही खरं. त्या पावसाळ्यानंतर काच फोडायची हातोडी गाडीत ठेवायची सवय मुंबईकरांना लागली, आणि अनेकांची ती डिकीत पडून राहिली, जिथे तिचा काडीचा उपयोग नाही. सरकारी नियमाला आणखी वेळ लागला. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग, वेगाचा इशारा, सीटबेल्टची आठवण आणि मागचे सेन्सर यांच्या जोडीला सेंट्रल लॉकिंग हाताने उघडता येण्याची सोय सक्तीची झाली.

आता दुरुस्तीकडे. चांगला वायरमन डबीला शेवटी हात लावतो. आधी लॉक बंद-चालू करून कान देतो. काहीच आवाज नाही म्हणजे वीज पोचत नाही; ‘किर्र’ असा आवाज येऊन सळई हलत नाही म्हणजे गिअरचे दात गेले; आवाज मंद आणि दबका असेल तर मोटर म्हातारी झाली. वीज पोचत नसेल तर त्याची बोटं सरळ बिजागरीजवळच्या रबरी नळीकडे जातात. दार उघडताना-मिटताना तिथल्या वायरी वर्षानुवर्षं वाकतात आणि रबराच्या आत तुटतात. इथे नवशिके फसतात. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मल्टिमीटर ऐटीत बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला करंट लागतच नाही. मोटरला लागतो. म्हणून जुने लोक मीटरऐवजी बल्ब लावून पाहतात. बल्ब पिवळट पेटला की निदान झालं.

मोटरच आजारी असेल तर तिच्या मागच्या टोपणावरचे पत्र्याचे कान उचलून ती उघडायची. कम्युटेटर काळाभोर दिसतो, खाचांत कार्बनची भुकटी भरलेली असते. बारीक पॉलिश पेपरने तो उजळायचा, खाचा सुईने कोरायच्या, ब्रशच्या पट्ट्यांना किंचित ताण द्यायचा. अर्ध्या मोटरा एवढ्यावर जाग्या होतात. उरलेल्या अर्ध्यांत दुखणं त्या छोट्या चकतीत असतं, जिला पीटीसी म्हणतात. एखाद्या पोराने बटणाशी खेळून लॉक सतत खालीवर केलं तर मोटर जळू नये म्हणून ही चकती तापते, करंट अडवते आणि थंड झाल्यावर पुन्हा सोडते. वयोमानाने तिचा अडथळा कायमचा वाढतो. मग सकाळी चालणारं लॉक दुपारच्या उन्हात हट्टाला पेटतं. काही जण चकतीच्या दोन टोकांना वायर जोडून तिला वगळून टाकतात. लॉक नव्यासारखं कडाडतं आणि मालक खूश होतो. पुढे कधी रिले चिकटला तर करंट अडवायला मध्ये कुणीच नसतं आणि प्लास्टिकच्या डबीत, पॉलिथिनच्या कागदाशेजारी, मोटर तापत राहते. त्यापेक्षा मोटर बदललेली बरी. अख्ख्या डबीला काही हजार मागितले जातात तिथे मोटर काही शेकड्यांत मिळते. शाफ्टची लांबी आणि पिनियनचे दात तेवढे जुळवून घ्यावे लागतात.

एक गोष्ट मात्र इथले कसबी लोकही घाईत विसरतात. दाराचा आतला भाग कोरडा असावा असं दार बनवणाऱ्यानेही कधी धरलेलं नाही. काचेच्या कडेने पावसाचं पाणी आत येतंच, ते तळाच्या भोकांतून वाहून जातं आणि पॉलिथिनचा कागद ते सीटकडे येऊ देत नाही. तळाची भोकं मातीने बुजली की पाणी साठतं आणि डबीपर्यंत ओल चढते. एपीएमसीत रोज उभ्या राहणाऱ्या गाडीच्या दारातून मातीबरोबर कांद्याची सालपटं निघाली तर नवल वाटू नये. खाडीकाठच्या खारट हवेत हे गंजाचं काम आणखी लवकर उरकतं. म्हणून मोटर बदलली आणि कागद फाटका ठेवून पॅड ठोकलं तर जुलैत गाडी परत त्याच दारासाठी येते.

अलीकडच्या गाड्यांत डबी वेगळी उरलेली नाही. दार पकडणारा खटका, मोटर, गिअर आणि दार उघडं की बंद हे गाडीच्या संगणकाला कळवणारे बारीक स्विच, सगळं एकाच बंद खोक्यात. स्क्रू नाहीत, कडा वितळवून चिकटवलेल्या. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘असेंब्ली’ बदलतात, उघडत नाहीत. पाम बीच रस्त्यावरचे काही जण हॅक्सॉ ब्लेडने कड कापतात, मोटर बदलतात आणि एम-सीलने खोकं पुन्हा बुजवतात. स्विच शाबूत राहिले तर जमतं. जरा हललं तर दार बंद असूनही डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचा दिवा पेटून राहतो आणि मग गिऱ्हाइकाशी वाद.

पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नव्याने करायचं शुल्क एप्रिल 2022 मध्ये 5,000 रुपये झालं. ते भरून, तपासणी करून जो जुनी गाडी ठेवतो त्याला चारही दारं चालायला हवी असतात, पण कंपनीकडे त्या मॉडेलची डबी असेलच याची खात्री नसते. अशा वेळी अनुभवी वायरमन एक सरळ व्यवहार सुचवतो. सगळ्यात जास्त राबतं ड्रायव्हरचं दार, सगळ्यात कमी मागचं. मागच्या दारातली मोटर काढून पुढे घालायची. माप एकच असतं, डावं-उजवं डबीत असतं, मोटरमध्ये नाही. मागच्या दाराची मोटर मिळेल तेव्हा मिळेल. तोवर ते हाताने लॉक करायचं, पद्मिनीवाले जन्मभर करत आले तसं.